माय फादर इज अब्रॉड

खळेवाडी, ता. गेवराई
१८ जानेवारी २००३

मुक्ता,

तुझं पाकीट पोस्टमनच्या समोरच फोडलं. तो म्हणाला, "सर, जरा दमानं, आत चेक नसतोय." त्याला काय कळणार! दर गुरुपौर्णिमेला तुझं कार्ड येतं आणि मी उत्तर लिहीत नाही, म्हणून तुझी ताराकाकू वर्षभर मला बोलते. "पोटचं पोर न्हाई, आन् मानलेल्या पोरीला दोन ओळी न्हाईत," म्हणते. निवृत्त झाल्यापासून मला लिहिण्याचा कंटाळा येतो, असं मी तिला सांगतो. तुलाही तेच सांगतो.

यंदा मात्र तू प्रश्न विचारला आहेस, आणि प्रश्नाला उत्तर न देणारा मास्तर काय कामाचा. तर ऐक. तू आयर्लंडला जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा देतेस, त्यातल्या निबंधाचा नमुना पाठवलास. अक्षर सुरेख. पण तिसऱ्याच ओळीत 'आय वॉन्ट टू गो टू अब्रॉड'! मस्कतला सहा वर्षं नर्स म्हणून काढून ही चूक? अगं, 'अब्रॉड'च्या आधी 'टू' लागत नाही. आपण 'घरी जातो' म्हणतो, 'घरीला जातो' म्हणतो का? 'घरी' या शब्दातच जाणं मुरलेलं आहे, तसंच तिथे. 'गो अब्रॉड', 'लिव्ह अब्रॉड', 'स्टडी अब्रॉड'. 'इन अब्रॉड' तर मुळीच नको. 'फ्रॉम अब्रॉड' मात्र चालतं: परदेशातून पत्र आलं. आणि 'अब्रॉड कंट्री' असं लिहिलंस तर मी तिथे येऊन कान पिळीन. तिथे 'फॉरिन कंट्री' हवं.

दुसरं तू विचारलंस की मी आधीच परदेशात आहे, आता इथून दुसऱ्या परदेशात जायचं, तर ते वाक्यात कसं बसवायचं? बसवू नकोस. सरळ देशाचं नाव लिही. मस्कतहून आयर्लंडला जाते म्हण. परदेश हा घराच्या उंबऱ्यावरून मोजायचा असतो, आणि तुझा उंबरा खळेवाडीत आहे.

आई बरी आहे. यंदा ती ऊसतोडीला गेली नाही. पावसानं तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली, टोळ्या दसऱ्याच्या आधीच निघाल्या. मीच तिला म्हटलं, छबुबाई, पन्नाशी उलटली, आता कोयता ठेवा खाली. तिनं ऐकलं. गेल्या महिन्यात तिला बीडला दवाखान्यात नेऊन आणलं. डोळे तपासायला. काळजीचं काही नाही.

टँकर दोन दिवसांआड येतो. आपल्या दूध सोसायटीत पूर्वी नऊ कॅन भरायचे, आता दोन. अध्यक्ष अजून आमचा चुलतभाऊ भगवानरावच. दूध आटलं, खुर्ची आटली नाही.

परीक्षा बारा एप्रिलला ना? रोज एक पान लिहून काढ.

तुझा,
धर्मराज सर


२ मार्च २००३

मुक्ता,

निबंध पोचला. 'अब्रॉड' तीन वेळा आणि तिन्ही वेळा बरोबर. दहापैकी आठ देतो. दोन गुण शेवटच्या परिच्छेदाचे कापले, कारण तिथे तू निबंध सोडून मला पत्र लिहायला लागलीस. "सर, आईचं खरं सांगा. शेजारच्या फोनवर ती दोन वाक्यं बोलते आणि ठेवते. बाकी सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाही."

हे वाक्य मी काकूला वाचून दाखवलं नाही.

आईचं पोट दुखत होतं. डोळ्यांचं मी म्हणालो ते अर्धंच होतं, डोळेही तपासले. बीडच्या डॉक्टरनं औषधं दिलीत, ती घेते. भाकरी कमी जाते. आमच्याच घरी राहायला आणलीय तिला, तुझी दहावीची खोली होती ना, तिथे. काकू आणि ती दिवसभर बोलत बसतात. बरी होईल. तू परीक्षेकडे बघ.

त्या खोलीत तिला बघितलं की मला सत्याऐंशी साल आठवतं. तेव्हाही दुष्काळच. गावातली निम्मी पोरं आईबापांबरोबर कर्नाटकात ऊसतोडीच्या थळात गेलेली, शाळेचे बाक रिकामे. तुझे आप्पा तुलाही न्यायला निघाले होते. मी तुमच्या दारात जाऊन बसलो. म्हटलं, गहिनीनाथ, ही पोर दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर जाईल, हिला माझ्या घरी ठेव. त्यांनी बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ नीट करता करता विचारलं, "सर, ऐंशीच्या वर गेल्यावर काय व्हतं?" मी म्हणालो, मग ती कोयता धरत नाही. ते म्हणाले, "मंग ठिवा."

आणि तू! वर्गात 'अब्रॉड' शब्द वाक्यात वापरायला सांगितला, तर तू लिहिलंस, 'माय फादर इज अब्रॉड.' मी लाल शाईनं फुली मारली. म्हटलं, कर्नाटक भारतातच आहे. तू उभी राहिलीस. "सर, तिथं आमची भाषा चालत न्हाई. दुकानदार आमाला हसतेत. वाटलं तवा माघारी येता येत न्हाई. मग त्यो परदेश कावून न्हाई?" वर्ग हसला, मीही हसलो. दर चाचणीत तू तेच वाक्य लिहायचीस आणि दर चाचणीत मी फुली मारायचो. आपलं दोघांचं भांडणच होऊन बसलं होतं ते. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बोर्डाचा इंग्रजीचा पेपर देऊन तू तलवाड्याच्या केंद्रातून बाहेर आलीस, तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो. तू धावत आलीस. "सर, अब्रॉड आलता! मी लिवलं, माय फादर हॅज गॉन अब्रॉड, ही विल कम बॅक इन चैत्र. मार्क कापतील का?"

मी म्हणालो, "नाही. बरोबर आहे."

तू इतकी खूश झालीस की केंद्रावरच्या पोलिसालाही सांगितलंस, आमच्या सरांनी हार मानली म्हणून. त्या 'बरोबर'बद्दल मला तुला काहीतरी सांगायचं आहे. आज नको. आज हात दुखतो.

धर्मराज सर


२३ मार्च २००३

मुक्ता,

आत्ताच गेवराईच्या बूथवरून तुझ्याशी बोललो. तू वॉर्डातून धावत फोनवर आलीस, दम लागला होता. मी म्हणालो, "आई जात्येय. ये." तू विचारलंस, "परीक्षा वीस दिवसांवर आहे सर, देऊन लगेच निघू का?" मी म्हणालो, "नको. आज तिकीट काढ." मग तू एकच शब्द बोललीस, "बरं." तू मला 'का' असं विचारलंही नाहीस.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू आलीस की तुझ्या हातात देईन. तोंडानं बोलायला मला जमणार नाही, ते लिहून ठेवतो.

आधी आईचं. तिच्या गर्भाशयात गाठ आहे. डिसेंबरातच कळलं होतं. उशीर झाला, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले. जानेवारीत मी तुला 'बरी आहे' लिहिलं, ते खोटं होतं. या महिन्याच्या सुरुवातीला लिहिलं, तेही खोटं होतं. छबुबाईनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. "सर, पोरीचा पेपर व्हस्तोर तोंड उघडू नका. तुमाला ताराबाईची आन हाय." मी म्हटलं, छबुबाई, हे बरोबर नाही. तर ती काय म्हणाली ते तुला सांगतो. म्हणाली, "तुमीच तर शिकिवलं. तिचे आप्पा गेले तवा सोसायटीतल्या त्या सटव्यानं निरोप दडपला. लई शिव्या घातल्या मी त्याला. पर आता वाटतंय, त्याच्या हातून देवानंच करून घेतलं. निरोप येळंवर आला आस्ता तर पोरीचा पेपर हुकला आस्ता. आज ऊसच तोडीत बसली आस्ती."

हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. कारण निरोप वेळेवर आला होता.

त्या वर्षी गावात एकच फोन होता, सोसायटीच्या ऑफिसात. तुझा मराठीचा पेपर झाला त्या दिवशी दुपारी साडेतीनला मुकादमाचा फोन आला. कारखान्याला ऊस नेताना कालव्याच्या पुलावरून गाडी उलटली होती आणि गहिनीनाथ तिच्याखाली सापडला होता. फोन सोसायटीच्या शिपायानं घेतला, म्हणजे सटवानं. तो अनवाणी पळत माझ्याकडे आला. तू आत मागच्या खोलीत मोठ्यानं वाचत होतीस. मी त्याला गोठ्यामागे नेलं. निरोप एवढाच होता: गहिनीनाथ गेला, पोरीला कळवा.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी.

मी विचार केला, की गेलेला माणूस काही परत येत नाही. चिकोडीकडचा तो मुलूख इथून एका दिवसाच्या वाटेवर. मार्चचं ऊन. तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलंच असणार, मग एक वर्ष बुडवून मिळवायचं काय? मी सटवाला म्हटलं, पेपर संपेपर्यंत हे तुझ्यात आणि माझ्यात. तो म्हणाला, "सर, बाप हाय तिचा." मी म्हटलं, तुला जास्त कळतं का? तो आमचीच जमीन बटईनं करायचा. गप्प बसला.

नऊ दिवस. नऊ दिवस तू माझ्या घरी जेवलीस, हसलीस, गणितं सोडवलीस. काकूलाही मी सांगितलं नव्हतं. भूगोलाचा पेपर झाल्यावर मी तुला ओसरीवर बसवलं आणि म्हणालो, निरोप आजच हाती आला. सटवा विसरला होता, चिठ्ठी ड्रॉवरमध्ये राहिली. हे वाक्य मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. चैत्रात आई परत आली आणि सोसायटीच्या दारात उभी राहून तिनं सटवाच्या सात पिढ्या उद्धारल्या. कमिटीनं त्याला कामावरून काढलं. ठराव लिहिला मानद सचिवानं. मानद सचिव मी होतो. 'कर्तव्यात गंभीर कसूर केल्याबद्दल' हे शब्द माझेच. सटवा माझ्यासमोर उभा होता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. नंतर मी त्याला शाळेत चिकटवून देईन म्हणालो होतो. तेही केलं नाही. तोंड समोर नको होतं मला त्याचं.

तुला इंग्रजीत चौऱ्याऐंशी पडले. तालुक्याच्या पेपरात तुझा फोटो आला आणि खाली माझं नाव. खरं सांगायचं म्हणजे, त्या दुपारी गोठ्यामागे उभा असताना मला ते नावही दिसत होतं. हे मी आजवर स्वतःशीही बोललो नव्हतो.

गुरुपौर्णिमेच्या कार्डांना उत्तर का येत नव्हतं, ते आता तुला कळेल. कंटाळा नव्हता.

ताराबाईची शपथ मी मोडली. ती आत तुझ्या आईचे पाय चेपत बसली आहे. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझं काय व्हायचं ते व्हवू द्या, पोरीला बोलवा." बाकीचं तिलाही अजून सांगितलेलं नाही.

धर्मराज


११ मे २००३

मुक्ता,

तुला जाऊन महिना होत आला. सुखरूप पोचलीस, हे शेजारच्या फोनवर काकूला कळलं. मला कळवावंस अशी अपेक्षा नाही.

तू आलीस त्याबद्दल देवाचे आभार मानावेत तर माझं आणि त्याचं बरेच दिवस बोलणं नाही. तू उंबऱ्यात आलीस तेव्हा छबुबाईनं आधी मला शिवी दिली. "मास्तर, शबुद मोडला तुमी!" आणि मग तुझा हात धरला तो सहा दिवस सोडला नाही. तू तिला न्हाऊ घातलंस, वेणी घातलीस, तांब्यातलं पाणी चमच्यानं पाजलंस. शेवटच्या सकाळी ती तुझ्या मांडीवर गेली. मी दारात उभा होतो. मला आत यायचं होतं, पण माझ्या खिशात ते पत्र होतं आणि ते असताना मला तिच्या पायांना हात लावायचा धीर झाला नाही. तिला मी काहीच सांगितलं नाही. ती सटवालाच दोष देत गेली, आणि त्यालाच देवाचा हात मानत गेली. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

बीडच्या स्टँडवर तुला पत्र दिलं, तेव्हा तू वाकून माझ्या पाया पडलीस. मी 'थांब' म्हणायला हवं होतं. तुझी गाडी हलली आणि खिडकीतून तू हात केलास. तो हात तू पत्र वाचायच्या आधीचा होता, म्हणून मी तो मनात धरून बसलो नाही. बसायचा मला हक्क नाही.

एक काम केलं ते कळवतो. सोसायटीच्या मासिक बैठकीला गेलो आणि उभा राहून सगळं सांगितलं. सत्याऐंशीचा ठराव रद्द करा म्हणालो. भगवानराव म्हणाले, "झालं गेलं सर, आता बोभाटा कशाला?" मी बसलो नाही. शेवटी ठराव घेतला, एकमतानं. आणि मग काय झालं ठाऊक आहे? कुणीही मला काही बोललं नाही. उलट म्हणाले, "सर, तुमी तिचं भलंच केलं की. आज पोरगी परदेशात हाय." चहा आला. मला वाटलं होतं निदान एकजण तरी थुंकेल.

ठरावाची नक्कल घेऊन सटवाकडे गेलो. गावच्या स्टँडवर त्याची चहाची टपरी आहे, तू ये-जा करताना तोंड फिरवून पुढे जायचीस ती. त्यानं कागद वाचला. नीट घडी घालून परत दिला. म्हणाला, "ह्याचं आता काय करू सर? माजी म्हातारी आस्ती तर वाचून दाखिवला आस्ता. निरोपचोराची आई म्हनायचे तिला लोक." मग त्यानं मला चहा दिला. मी प्यालो.

परीक्षेची पुढची तारीख ऑगस्टात असेल. देशील ना? मला कळवू नकोस, पण दे.

धर्मराज


२७ जुलै २००३

मुक्ता,

काल सटवा घरी आला. सोळा वर्षांत तो आमच्या ओट्यावर चढला नव्हता. हातात तुझं पत्र होतं, त्याच्या नावाचं. यंदा गुरुपौर्णिमेला माझ्याकडे कार्ड आलं नाही. त्या दिवशी पोस्टमन दारावरून पुढे गेला तेव्हा मी त्याला हाक मारली आणि उगाच पावसाचं विचारलं.

सटवानं ते पत्र मला स्वतः वाचून दाखवलं. एकेक अक्षर लावत वाचतो तो. "सटवामामा, तुम्ही अनवाणी पळत आला होतात, हे मला यंदा कळलं. इतकी वर्षं मी तुमच्या टपरीवरून तोंड फिरवून गेले. मला माफ करा." इथे त्यानं पत्र मांडीवर ठेवलं. काकूनं पाणी दिलं. मग उरलेलं वाचलं. "एक विचारायचं आहे. सरांनी लिहिलंय, निरोपात एवढंच होतं की आप्पा गेले, पोरीला कळवा. पण आईनं मला सांगितलं होतं की त्यांनी आप्पांना माझी वाट बघत ठेवलं होतं. ते तुम्हाला फोनवर सांगितलं होतं का? सरांना ते माहीत होतं का? तुम्ही ऐकलेला निरोप शब्दाला शब्द कळवा. मी तो फक्त तुमच्याकडून ऐकेन."

सटवा माझ्याकडे बघत राहिला. "सर, मला त्यो निरोप अजून तोंडपाठ हाय. लिवू का?"

सोळा वर्षांनीसुद्धा त्यानं मला विचारलं, मुक्ता. लिहू का म्हणून. मी त्याला म्हटलं, लिही, आणि तुझ्याबरोबर मीही लिहितो. तू फक्त त्याच्याकडून ऐकणार आहेस हे मला कळलं. त्याचं आणि माझं ताडून बघ. त्याचं वेगळं निघालं तर त्याचं खरं मान.

मार्चातल्या पत्रातही मी तुझ्याशी खोटं बोललो. सगळं कबूल करतोय असं म्हणता म्हणता एक वाक्य गिळलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे पोरांना शिकवत आयुष्य गेलं. निरोप असा होता: "गहिनीनाथ गेला. पोरीला लगीच धाडून द्या. छबी म्हनती, तोंड बघितल्याबिगर उचलू द्यायची न्हाई. उंद्या दिस मावळंस्तोर ठिवतो."

गोठ्यामागे सटवानं ते मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यानं माझा दंड धरला होता.

पुढचं छबुबाईनं तुझ्या काकूला सांगितलं होतं, मीही तिथेच वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो होतो. त्यांनी त्याला चिंचेखाली ठेवलं. गोणपाटं भिजवून अंगावर टाकली. टोळीतल्या बायका कालव्यावरून घागरी आणून ती ओली ठेवत होत्या. छबुबाई सडकेच्या कडेला उभी होती. येणारी प्रत्येक एसटी ती हात करून थांबवायची, कंडक्टरला विचारायची, आत चढून बाकांवर बघायची. कानडी कंडक्टरला तिची भाषा कळत नव्हती, पण सगळे थांबले म्हणाली ती. पाचव्या गाडीनंतर लोक म्हणाले, पुरे. ती म्हणाली, सूर्य आहे अजून. तो बुडाल्यावर मग ती बाजूला झाली.

तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, असं मी तुला लिहिलं. ते मी सोळा वर्षं स्वतःलाही सांगत आलो. तुझ्या आईच्या डोळ्यांत बघताना सांगितलं, तुझी कार्डं पेटीत टाकताना सांगितलं. तो विचार नव्हता, ती मी मागाहून रचलेली सबब होती.

सत्याऐंशीच्या त्या दुपारी सटवा गोठ्यामागून गेल्यावर मी सोसायटीत गेलो होतो. तिथे भिंतीला एसटीचं वेळापत्रक होतं. मी चष्मा लावून ते वाचलं. गावातून पाचची गाडी होती. ती साडेसहाला बीडला पोचायची. बीडहून साडेसातला कोल्हापूरची रातराणी होती, ती सकाळी सातला. तिथून निपाणी, निपाणीहून चिकोडी. मी पेन्सिलीनं एका पाठकोऱ्या कागदावर मांडून बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत तू पोचली असतीस.

मग तो कागद मी फाडला, घरी आलो आणि तुझी इंग्रजीची उजळणी घेतली.

धर्मराज